नादारीचा अर्ज आणि वकिलाची निवड

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपण चार बाजार हिंडतों, दांत पाहतों, चाल पाहतों आणि शक्य तर औतास जुंपूनहि पाहतों. परंतु कर्जापायीं घरदार पणास लागण्याची वेळ आली, म्हणजे मात्र कचेरीच्या आवारांत पहिला जो भेटेल त्याच्या वकीलपत्रावर सही करून मोकळे होतों. याचें कारण आळस नव्हे, लाज होय. कर्ज थकल्याची गोष्ट चारचौघांत विचारावी कशी, या संकोचानें मनुष्य चौकशी टाळतो, आणि जप्तीची नोटीस दारीं आल्यावर मिळेल त्या हातीं आपलीं कागदपत्रें देतो. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नादारी मागणें हा गुन्हा नव्हे. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्याच्या नादारीचें स्वतंत्र प्रकरण होतें. तो कायदा आज उरलेला नाहीं. आज मुंबई शहराबाहेर सामान्य माणसाच्या नादारीचा निवाडा १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीं होतो, व त्याचा मुख्य अधिकार जिल्हा न्यायालयास आहे. २०१६ सालीं दिवाळखोरीचा नवा कायदा झाला खरा. परंतु त्यांतील व्यक्तींविषयींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच. तेव्हां असा जामीन नसतांना जो वकील नव्या कायद्याच्या गोष्टी सांगून मुंबईच्या फेऱ्या घालावयास लावील, त्यास हा विषय ठाऊक नाहीं, असें खुशाल समजावें.

परंतु कायदा ठाऊक असणें ही निम्मी परीक्षा झाली. आमच्या मतें खरी कसोटी निराळी आहे. जो पहिल्याच भेटींत "तुमची जमीन वाचवून देतों" असें सांगतो, तो वकील करूं नये. मनुष्य नादार ठरला म्हणजे त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयानें नेमिलेल्या रिसीव्हरच्या स्वाधीन होते. दिवाणी कायद्यानें शेतकऱ्याचीं औतें, उपजीविकेस अवश्य तीं जनावरें, बियाणें व राहतें घर यांस जप्तींतून सूट आहे. स्वतः शेतजमिनीस अशी सरसकट सूट नाहीं. हें कडू सत्य जो पहिल्या दिवशीं सांगतो, तोच पुढें विश्वासास पात्र ठरतो.

असा वकील लगेच अर्ज लिहावयास घेत नाहीं. तो सारीं कागदपत्रें मागतो व देण्यांचे वेगवेगळे गट पाडतो. जमीन गहाण ठेवून काढलेलें कर्ज असेल, तर धनकोचा गहाणावरील हक्क नादारीनें बुडत नाहीं. सरकारी देणें नादारीमुक्ति मिळाल्यावरहि शिल्लक राहतें. बँकेनें २००२ च्या कायद्याखालीं, न्यायालयांत न जातां, शेतजमिनीचा ताबा घेऊं म्हटलें, तर तो कायदा शेतजमिनीवरील तारणास लागू नाहीं, हें उत्तर आहे. सावकाराचें देणें असेल, तर कर्ज देतेवेळीं त्याजकडे परवाना होता काय, हा पहिला प्रश्न. कारण महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यान्वयें बिनपरवाना सावकारास न्यायालयाचा हुकूमनामा मिळत नाहीं, आणि सावकारीच्या व्यवहारांत त्यानें बळकावलेली जमीन परत मागण्याची सोयहि त्याच कायद्यांत आहे. अशी छाननी झाल्यावर पुष्कळदां नादारीचा अर्ज करण्याचें कारणच उरत नाहीं. अर्ज करूं नका, असें सांगून स्वतःची फी बुडविणारा वकील भेटला, तर तो सोडूं नये.

याच्या उलट, एक सल्ला कानीं पडतांच तेथून उठावें. तो सल्ला म्हणजे "आधीं जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नांवें करा, मग अर्ज देऊं." असें योग्य मोबदल्यावांचून केलेलें हस्तांतर अर्जापूर्वींच्या दोन वर्षांतील असल्यास तें रद्द ठरवून घेतां येतें, आणि मालमत्ता कपटानें लपविल्याचें शाबीत झाल्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. जमीन तर जातेच, शिवाय प्रामाणिक ऋणको म्हणून न्यायालयापुढें उभें राहण्याची प्रतिष्ठाहि जाते. हा सल्ला देणारा घरीं बसतो. पिंजऱ्यांत उभें राहावें लागतें तें शेतकऱ्यास.

फीचा करार लेखी करावा, आणि तो नादार ठरण्यापर्यंतचा नव्हे तर नादारीमुक्तीपर्यंतचा करावा. हा भेद पुष्कळांस ठाऊक नसतो. नादार ठरणें ही मधली पायरी होय. देण्यांतून सुटका होते ती मुक्तीच्या हुकुमानें. त्यासाठीं न्यायालयानें दिलेल्या मुदतींत पुन्हा अर्ज करावा लागतो. तो राहिला तर मूळ नादारीहि रद्द होऊं शकते व धनको पुन्हा दारीं उभे राहतात. म्हणून वकिलास, "तुम्हीं नादारीचे अर्ज किती चालविले?" एवढेंच विचारूं नये, "त्यांपैकीं मुक्तीपर्यंत किती नेले?" हेंहि विचारावें. निकालावर अवलंबून राहणारी फी ठरविणें किंवा मिळकतींत वांटा मागणें वकिलास त्याच्या व्यवसायाच्या नियमांनींच मना आहे. आपण चालविलेल्या दाव्यांतील लिलावांत अशिलाची मिळकत स्वतः विकत घेणेंहि मना आहे. फी राहिली म्हणून कागद अडवून धरतां येत नाहींत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. कोऱ्या कागदावर सही तर कोणाच्याहि सांगण्यावरून करूं नये.

कोणी म्हणेल कीं, ज्याच्याकडे देणें फेडावयास पैसा नाहीं, त्यानें चांगला वकील कोठून करावा? आक्षेप रास्त आहे. परंतु १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यास विधिसेवा प्राधिकरण आहे, व ठरीव मर्यादेहून कमी उत्पन्न असणारास तेथें मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, तसेंच पूर व अवर्षण यांनीं पीडित झालेले लोक यांसहि त्या कायद्यानें हा हक्क दिला आहे. ज्या गांवांत लागोपाठ पावसानें दगा दिला, तेथील शेतकऱ्यानें हें दार ठोठावण्यांत कमीपणा मानूं नये.

शेवटीं एक गोष्ट शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातची आहे. वकिलापुढें देण्यांची यादी ठेवावयाची ती पुरी ठेवावी. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, दुकानदाराची खताची उधारी, पत्नीच्या दागिन्यांवर काढलेलें कर्ज, दुसऱ्याच्या खतावर केलेली जामिनकीची सही, यांतील एकहि रकम लाजेनें झांकूं नये. झांकलेली रकम नेमकी उलटतपासणींत बाहेर येते. तसेंच जावयाचें तें लवकर जावें. थकबाकीच्या पहिल्या वर्षीं वकिलाजवळ जे चार मार्ग असतात, त्यांतील एकहि बहुधा लिलावाच्या आदल्या दिवशीं शिल्लक राहत नाहीं.

आमची संघाच्या सभासदांस एवढीच विनंती आहे कीं, वकिलाची चौकशी ही चोरून करण्याची बाब समजूं नये. बियाणें कोणाचें उगवलें व कोणाचें वांझ निघालें, हें आपण बांधावर उभे राहून एकमेकांस मोकळेपणीं सांगतों. कोणत्या वकिलानें खरें सांगितलें व कोणीं आशा दाखवून वर्षें घालविलीं, हेंहि तसेंच सांगावयास आपण शिकलें पाहिजे. लाजेनें गिळलेली माहिती शेजाऱ्याच्या जमिनीवर उठते.