मोर्णा स्वच्छ झाली, पण जलकुंभी परत का आली? वऱ्हाडातल्या लोकसहभागाचा हिशोब

१३ जानेवारी २०१८, शनिवार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी अकोल्यात सहा हजारांहून जास्त लोक मोर्णा नदीवर जमले. शंभरावर संस्था, कॉलेजची मुलं, शाळकरी पोरं, म्हातारी माणसं, बायाबापड्या. चार किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही काठांवरच्या १४ ठिकाणी सफाई झाली. पुढच्या शनिवारीही लोक आले. २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या मोहिमेचा उल्लेख केला आणि मोर्णा देशभर पोहोचली.

पण पुढच्या काही वर्षांत जलकुंभी परतली. मग त्या सहा हजार लोकांची मेहनत वाया गेली का?

जलकुंभी येते कुठून?

पुण्याकडे जिला जलपर्णी म्हणतात, तीच अकोल्यात जलकुंभी. ही वनस्पती वाढायला संथ पाणी, ऊन आणि भरपूर नायट्रोजन-फॉस्फरस लागतं. शहराच्या सांडपाण्यातून तिला हे सगळं आयतं मिळतं. परिस्थिती अनुकूल असेल, तर तिचं क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

मोर्णा पातूरकडून येते, अकोला शहरातून जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. एकेकाळी बारमाही असलेली ही नदी आता हंगामी झाली आहे. प्रवाह आटला की पात्रात उरतं ते मुख्यतः नाल्यांचं पाणी. म्हणजे जलकुंभी हे लक्षण आहे, आजार सांडपाण्याचा आहे. लोकांनी हातांनी लक्षण दूर केलं. आजारावर इलाज करायचा तर गटारं जोडावी लागतात आणि प्रक्रिया केंद्र रोज चालवावं लागतं. ते काम महापालिकेचं. 'अमृत' योजनेत अकोल्यासाठी भुयारी गटार आणि शिलोडा इथल्या प्रक्रिया केंद्राचं काम घेण्यात आलं, ते याचसाठी.

हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे. अशा भागात नदीचं गोडं पाणी घाण करणं म्हणजे हातातलं पाणी सांडून देणं. आणि नदी तुंबली की पुराचा धोका वाढतो. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा अकोल्यात मोर्णाकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं.

मग लोकांचं काम टिकतं कुठे?

उत्तरासाठी अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला जावं लागेल. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेलं हे छोटं, प्रामुख्याने कोरकू समाजाचं गाव. आजूबाजूचं जंगल उजाड झालेलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने झाडं लावली, पाणी अडवलं आणि चराई व तोडीचे नियम स्वतः ठरवले. जंगल सावरू लागलं. सीताफळं आणि तेंदूपानांतून गावाला उत्पन्न मिळू लागलं. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

पायविहीरच्या लोकांकडे अकोलेकरांपेक्षा जास्त उत्साह होता, असं नाही. फरक हा की, त्यांच्या हातात जंगलाचा कायदेशीर हक्क होता. ग्रामसभेने ठरवलेला नियम मोडला तर ग्रामसभाच विचारू शकत होती. आणि जंगल वाढलं तर फायदा गावालाच होणार होता.

वरुडने काय दाखवलं?

दोन्हींच्या मधलं उदाहरण वरुडचं. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली. अमरावतीतला वरुड, बीडमधला अंबाजोगाई आणि साताऱ्यातला कोरेगाव. २० एप्रिल ते ५ जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यात ११६ गावांनी भाग घेतला. इथे नुसतं श्रमदान नव्हतं. आधी गावातल्या निवडक लोकांना पाणलोटाचं प्रशिक्षण दिलं गेलं. चर कुठे खणायचा, बांध कुठे घालायचा, हे समजून काम झालं.

तरी मर्यादा इथेही आहे. वरुड हा संत्र्याचा पट्टा. बागा जगवण्यासाठी इथे बोअर खोल खोल जात राहिले आणि भूजलाचा उपसा प्रचंड वाढला. पाणी जिरवायला साधारण दीड महिन्याची स्पर्धा उपयोगी पडते. पण जिरवलेलं पाणी कुणी, किती उपसायचं, हे स्पर्धा संपल्यावर गावालाच ठरवावं लागतं. ते जास्त अवघड आहे, कारण तिथे फावड्याऐवजी शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

शहरातल्या मोहल्ल्याकडे ग्रामसभा का नाही?

खरी मेख इथे आहे. गावात ग्रामसभा असते. शहरात ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या ठिकाणी प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेनुसार अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास आणि अमरावतीची साडेसहा लाखांच्या जवळ. म्हणजे दोन्ही शहरं त्यात बसतात. त्याखाली मोहल्ल्याच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली. पण आपल्या भागाची क्षेत्रसभा झाल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलं?

त्यात मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं तुंबलेल्या नाल्याबद्दल विचारायला नगरसेवकच नव्हता.

अमरावतीचं बक्षीस काय सांगतं?

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत २०१९ पासून अमरावती आणि अकोला, दोन्ही शहरं आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती देशात पहिली आली. बक्षीस ७५ लाख रुपये. या सर्वेक्षणात कचरा जाळणं, रस्त्यावरची धूळ, बांधकामाचा राडारोडा, वाहनांचा धूर अशा बाबींवर गुण मिळतात.

यातला पहिला मुद्दा थेट मोहल्ल्याचा आहे. घंटागाडी वेळेवर आली आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा झाला, तर कोपऱ्यावर कचरा पेटवण्याची वेळच येत नाही. इथे महापालिका आणि रहिवासी यांच्यापैकी एकाने जरी काम सोडलं, तरी दुसऱ्याचं काम फुकट जातं.

तुम्ही काय करू शकता?

• तुमच्या भागातला नाला कुठे जातो आणि तो भुयारी गटाराला जोडला आहे का, हे महापालिकेला विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

• नव्या नगरसेवकाकडे क्षेत्रसभेची मागणी करा, लेखी.

• श्रमदानाला जाच. पण पुढची तारीख आणि कोण काय बघणार, हे ठरवल्याशिवाय परतू नका.

वऱ्हाडाला हे नवं नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. कर्ज कशाला काढता, पोरांना शाळेत का घालत नाही, असे साधे पण नेमके प्रश्न. मोर्णाकाठी २०१८ मध्ये झाडझूड झाली. प्रश्न विचारायचं काम अजून बाकी आहे, आणि आता ते विचारायला समोर निवडून आलेली माणसंही आहेत.