पोच

भोर हे पंत सचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांतील 'सुरनीस' हे फारसी नाव १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी बदलून 'सचिव' असे झाले. राजपत्रे तपासावीत, त्यांतील अधिक-उणे अक्षर दुरुस्त करावे, हे त्या पदाचे काम. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते शंकराजी नारायणांकडे आले आणि १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत भोर त्यांच्या घराण्याकडे राहिले. कार्यालयीन लेखनाचा असा वारसा असलेल्या परिसरात घडलेली एक साधी गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या आमच्या एका तरुण सहकारी प्राध्यापिकेचा रस्ता दरडीने अडवला. सकाळी सात वाजता तिने विभागप्रमुखांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले, 'सर, दरड पडली आहे. आज येता येणार नाही.' निळ्या खुणा उमटल्या. तिच्या लेखी निरोप पोचला होता. सरांच्या लेखी मात्र अर्ज आलाच नव्हता. ना मायना, ना विनंती, ना सही. त्यांनी शेरा मारला, 'न कळवता गैरहजर.' ती तासिका तत्त्वावर काम करते. पुढच्या वर्षीची नेमणूक अशा शेऱ्यांवर हेलकावे खाते.

सरांचा आग्रह निव्वळ अहंकाराचा आहे, असे मला वाटत नाही. आवक नोंदवहीत चढलेला अर्ज हाताखालच्या माणसालाही संरक्षण देतो. साहेबांच्या खाजगी फोनमधला निरोप दप्तरात सापडत नाही. जुनी पिढी आधी नाते मांडते, मग काम. नवी पिढी थेट कामाचे बोलते, कारण समोरच्याचा वेळ न घेणे हीच तिची अदब आहे. म्हणजे उद्धट येथे कोणीच नाही. पण दोघांच्या हाती सत्ता मात्र सारखी नाही, आणि 'पिढीतील अंतर' म्हणताना आपण नेमके हेच विसरतो.

मराठीत 'पोच' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मिळाल्याची पावती ही एक पोच. आणि 'त्याला पोच नाही' असे आपण म्हणतो तेव्हाची समज ही दुसरी. निरोप वाचून गप्प राहणारा पहिली पोच नाकारतो, तेव्हा दुसरीविषयीही शंका येते. 'मिळाले. उद्या अर्ज द्या.' एवढे चार शब्द पुरेसे होते. अर्ज लिहायला शिकणे हे तरुणांचे कर्तव्य खरेच. परंतु उत्तर देण्याची सुरुवात अधिकार असलेल्यानेच केली पाहिजे.

आणि माझे काय? तिने मला तो निरोप त्याच दिवशी दाखवला होता. सर माझे गुरू, म्हणून विभागाच्या बैठकीत मी मान खाली घालून बसलो. चाळिशीतल्या आम्हा मधल्यांना दोन्ही भाषा येतात, म्हणूनच आमचे मौन अधिक दोषास्पद ठरते. उद्या सरांकडे जाणार आहे. रीतसर, लेखी विनंती घेऊन. त्या शेऱ्यात 'न' हे एक अक्षर अधिक पडले आहे.