७२ तासांची गोळी कुणाला, तपासणी कधी?

गावाकडून मुंबईला कामाला गेलेली कित्येक पोरं शीव कोळीवाडा, प्रतीक्षानगर, अँटॉप हिल या पट्ट्यात खोली करून राहतात. तिथल्याच एकाचा मागच्या महिन्यात रात्री अकराला फोन आला. "दादा, कुणाला सांगणार नाही ना?" एका बाईकडे गेला होता. निरोध वापरला होता, फाटला नव्हता. तरी दोन दिवस घास उतरत नव्हता. एका खासगी लॅबने दुसऱ्याच दिवशी रक्त घेऊन मोठं पॅकेज गळ्यात मारलं, रिपोर्ट निगेटिव्ह दिला. नाव-गाव न सांगण्याच्या बोलीवर त्याने हे लिहू दिलं.

त्या रिपोर्टचा खरं तर काही उपयोग नव्हता. लागण झाली तरी ती रक्तात दिसायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट फक्त आधीची लागण आहे का ते सांगतो. म्हणून आत्ता एकदा, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी तपासायचं. डॉक्टर म्हणाले तर सहा महिन्यांनी आणखी एकदा.

आता गोळीचं. मेडिकलवाल्याकडे '७२ तासवाली' मागितली की तो गर्भ राहू नये म्हणूनची गोळी काढून देतो. तिचा एचआयव्हीशी संबंध नाही. एचआयव्ही रोखायच्या उपचाराला पीईपी म्हणतात. तो जितका लवकर तितका चांगला, दोन तासांत मिळाला तर उत्तमच. ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. रोज गोळी, २८ दिवस, मध्ये खंड नाही. सुई टोचलेली नर्स, बलात्कार झालेली बाई यांच्यासाठी हा उपचार मुख्यतः आहे. बलात्कारपीडितेला सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्याने मोफत उपचार दिलेच पाहिजेत, तसा कायदा आहे. बाकीच्यांना द्यायचा की नाही ते डॉक्टर धोका बघून ठरवतात.

धोका किती ते आकड्यात बघा. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो औषध घेत नाही आणि निरोधही नाही, अशा नेहमीच्या संबंधात दहा हजार वेळांमागे पुरुषाला साधारण ४ आणि बाईला ८ वेळा लागण होते. गुदमार्गाने हा धोका कितीतरी पट वाढतो. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झालाय, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. चुंबन, एका ताटात जेवण, संडास, डास यातून तर होतच नाही. निरोध शाबूत असेल तर गोळीची गरज सहसा पडत नाही. फाटला असेल आणि समोरच्याचं काही माहीत नसेल, तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच अपघात विभाग गाठा.

त्या पोराच्या खोलीपासून लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल, जवळच आहे. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो. गरमी, परमा यांच्यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. हे आजार एचआयव्हीपेक्षा सहज लागतात, पण त्यांची भीती कुणी घेत नाही. काविळीच्या बी प्रकाराची लस घेतली नसेल तर तीही तिथंच विचारावी.

मी त्याला विचारलं, तालुक्यालाच का नाही गेलास? म्हणाला, तिथं बाकड्यावर बसलो तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाईल. खोटं कसं म्हणू? तालुक्याच्या दवाखान्यात त्या खोलीचं दार केसपेपरच्या रांगेसमोरच उघडतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरी देताना तपासणीची अट नाही. कागदावर चोख आहे. पण दार कुठं उघडावं हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते दवाखान्याने ठरवायचं. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय कुणी काढेल का?

१०९७ हा नंबर फुकट आहे, नाव न सांगता विचारता येतं. पोराने तिथं फोन केला, मग सायनला गेला. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, गरज नाही म्हणाले. सहा आठवड्यांची तारीख त्याने मोबाईलमध्ये लावून ठेवलीय. ती अजून यायची आहे.