चालत्या गाडीतली सुई

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. माझ्या रोजच्या बसमध्ये ओढणीला मणी-टिकल्या लावत बसलेल्या बहिणी दिसतात. नगावर पैसे मिळतात, घरी सवड मिळत नाही. म्हणून त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. पण ब्रेक लागला की बस थांबते, हात मात्र पुढेच जातो. सुई आपल्या डोळ्यात जाऊ शकते, शेजारणीच्या मांडीवरच्या लेकराच्याही. मोटारीत पुढच्या सीटवर तर एअरबॅग क्षणात उघडते आणि हातातली सुई तोंडावर आदळू शकते. गाडी चालू असेपर्यंत सुई-कात्री डबीत बंदच असावी. फार तर धागे गुंडाळावेत. आणि मगरिबनंतर तासभर घरातल्या पुरुषांनी मुलांना सांभाळले, तर हेच काम घरी, चांगल्या उजेडात होईल. उपदेशाआधी एवढे तरी करू या.