डिझेल फिल्टरचा वाद

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या मोठ्या गावात चारचाकीच्या देखभालीविषयी दोन मतं चालतात. चालत्या गाडीला हात लावू नये, उघडली की बिघडते, हे पहिलं. दुसरं शोरूमला गाडी लावणाऱ्यांचं: तिथला माणूस सांगेल ते करून घ्यावं, पैसे गेले तरी ॲव्हरेज वाढतं. दोन्ही मतं चुकीची आहेत, पण सारख्या प्रमाणात नाहीत. पहिल्यामुळे इंजिन जातं, दुसऱ्यामुळे फक्त खिसा हलका होतो. आणि दोघांचाही सगळ्यात मोठा गोंधळ डिझेल फिल्टरबद्दल आहे.

पहिल्या मताला अनुभवाचा आधार आहे, हे मान्य करावं लागेल. जुन्या जीप-ट्रॅक्सची इंजिनं खरोखरच सोशिक होती. पंप यांत्रिक, दाब माफक. कापडातून गाळलेलं डिझेलही त्यांना चालून जाई. एअर धरली तर ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला पान्याने बोल्ट ढिला करी, हातपंप मारी आणि पुढे निघे. त्या पिढीने शिकवलं ते त्या गाड्यांपुरतं बरोबर होतं.

गाड्या बदलल्या, शिकवण तीच राहिली. कॉमन रेल पद्धतीची, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना उच्च दाबाचं डिझेल पुरवणारी, पहिली मोटार १९९७ साली युरोपात बाजारात आली, आणि २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आल्यावर हे तंत्र आपल्याकडच्या गावोगावी पोचलं. त्या पिढीच्या इंजिनांत डिझेल सुमारे १,६०० बारपर्यंतच्या दाबाने फवारलं जातं. नंतरच्या अनेक इंजिनांत हा आकडा २,००० च्या आसपास किंवा पुढे गेला. टायरमधल्या हवेच्या दाबाशी तुलना केली तर १,६०० बार म्हणजे जवळजवळ ७०० पट. एवढा दाब टिकावा म्हणून इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट अवघी दोन-चार मायक्रॉनची ठेवतात. माणसाचा केस पन्नास मायक्रॉनच्या वर जाडीचा असतो. म्हणजे जो कण डोळ्यांना दिसतही नाही, तो या फटीसाठी दगडच आहे. असले इंजेक्टर आपल्या नाशिकच्या बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या, कारखान्यातही बनतात. तिथे ज्या स्वच्छतेत ते जोडले जातात, ती स्वच्छता पुढे गाडीच्या आयुष्यभर राखायचं काम एकट्या फिल्टरवर पडतं.

पाण्याचा प्रश्न धुळीपेक्षा वाईट. उच्च दाबाच्या पंपाला वेगळं वंगण नसतं. त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण असतं. डिझेलच्या जागी पाण्याचा थेंब आला की धातूवर धातू घासतो आणि उभ्या गाडीत गंज धरतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, गंधकाचं प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर उतरलं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो आणि तो वेगळी द्रव्यं मिसळून भरून काढावा लागतो. अशा डिझेलात पाणी खपवून घेण्याइतकी ढिलाई पंपाकडे उरलेली नाही.

‘पंपावरचं डिझेल चांगलं असतं, मग पाणी येतं कुठून?’ असा प्रश्न लगेच येतो. बऱ्याचदा ते आपल्याच घरातून येतं. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी कॅन भरून डिझेल आणलं जातं, बॅरलमध्ये राहतं, आणि अडीनडीला तेच मोटारीत ओतलं जातं. त्या कॅनचं झाकण कधीच हरवलेलं असतं. तोंडाला पिशवी बांधलेली असते. दुसरं कारण अर्धी रिकामी टाकी. बालाघाटाच्या माळावर हिवाळ्यात दिवस तापतो आणि रात्र गारठते. टाकीतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि थेंब तळाशी उतरतात. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी आणि एरवी आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभी असणारी गाडी या बाबतीत जास्त धोक्यात असते. भूम-परांड्याकडे पहाटे दूध आणि खवा घेऊन रोज पळणाऱ्या पिकअपला हा त्रास त्या मानाने कमी. ‘माझी गाडी फिरतच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं.

गंमत अशी, की हाच माणूस ट्रॅक्टरच्या बाबतीत अजिबात चुकत नाही. अवर मीटरवर तास बघतो, ऑइल बदलतो, डिझेलचे फिल्टर बदलतो, त्याखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसलं की ते सोडतो. नांगरट अडली तर काय होतं हे त्याला ठाऊक असतं. मोटारीत ती काचेची वाटी दिसत नाही, एवढाच काय तो फरक. त्याऐवजी डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबांचं चित्र असलेला दिवा लागतो, आणि तो लागला की ‘सेन्सर खराब झाला’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली जाते.

फिल्टर तुंबतो तेव्हा गाडी गावात नीट चालते. लोड नसताना डिझेल कमी लागतं, तेवढं तुंबलेल्या कागदातूनही येतं. पाच माणसं आणि सामान घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की ती पिकअप सोडते. मग दोष टर्बोला दिला जातो, क्लचला दिला जातो, ड्रायव्हरलाही. फिल्टरची आठवण शेवटी. तोवर पंप अर्ध्या पुरवठ्यावर ओढत राहिलेला असतो. फिल्टरची किंमत काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. एकेका इंजेक्टरची दहा-वीस हजारांच्या घरात, आणि इंजिनात ते बहुधा चार. या हिशेबाला वेगळं भाष्य लागत नाही.

आता दुसरा पक्ष. ‘फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं’ ही त्याची लाडकी खात्री, आणि निदान एअर फिल्टरच्या बाबतीत ती तपासली गेलेली आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली तुंबलेले एअर फिल्टर लावून गाड्या चालवून पाहिल्या. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. पिकअप मात्र घटला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडा फरक दिसला. कारण सरळ आहे: आजच्या पेट्रोल गाडीचा संगणक हवा मोजतो आणि तेवढंच इंधन सोडतो. एअर फिल्टर बदलायचा तो धुळीपासून इंजिन वाचवण्यासाठी. ॲव्हरेजच्या आशेने बदलला तर निराशा पदरी पडते, आणि त्या निराशेतूनच पहिल्या पक्षाला नवे सभासद मिळतात.

ॲव्हरेज घटण्याची कारणं पुष्कळदा गॅरेजच्या बाहेर असतात. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, ठरलेल्या चक्रावर मोजलेला असतो. त्यात उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं नसतं. पेट्रोल गाडीचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. ही घट कोणताही फिल्टर बदलून भरून येत नाही. तरीही ‘इंजेक्टर क्लीनिंग’, ‘इंजिन फ्लश’, टाकीत ओतायची बाटली असे खर्च बिलात येतात. गाडीच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख नसेल आणि गाडीला तक्रार नसेल तर ते सरळ नाकारावेत.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक सूचना. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपाच्याच संचात बसवलेला असतो आणि ठरावीक किलोमीटरला तो बदला असं अनेक कंपन्या सांगत नाहीत. डिझेलवाल्या शेजाऱ्याने बदलला म्हणून तो उपसून काढण्याचं कारण नाही. टाकी सतत तळाला जाऊ न देणं एवढं पुरे; इंधनात बुडलेला पंप त्या इंधनानेच थंड राहतो.

शोरूमवरचा संशय मात्र निव्वळ खेडवळ हट्ट नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयात गेलं, पण तक्रार हवेतली नव्हती एवढं त्यातून दिसलं. त्यावरून ‘सर्व्हिसिंगच करू नये’ हा निष्कर्ष काढणं ही मोठी उडी झाली. शोरूम महाग वाटत असेल तर वॉरंटी संपल्यावर गावातल्या हुशार मेकॅनिककडे जावं. डिझेल फिल्टर बदलायला फार यंत्रं लागत नाहीत, स्वच्छता लागते. हाउसिंग पुसून मगच उघडायचं, नवी रिंग बसवायची, प्रायमरने किंवा चावी चालू-बंद करून डिझेल चढवायचं. जुन्या सवयीने इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढायची नाही: कॉमन रेलची धार कातडी भेदून आत शिरते आणि ते काम थेट दवाखान्याचं होतं. नकली फिल्टर टाळायचा तर दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यावं. वॉरंटीतही तेच बिल कामाला येतं.

किती किलोमीटरला बदलायचा? अनेक डिझेल गाड्यांना कंपनी २० ते ४० हजारांच्या दरम्यानचा आकडा देते. नेमका आकडा आपापल्या पुस्तकात पाहावा. पण त्याच पुस्तकात ‘कठीण परिस्थिती’चं एक वेगळं कोष्टक असतं, जे कोणी वाचत नाही. धूळ, कच्चा रस्ता, ओझं, जवळजवळच्या फेऱ्या. मुरमाचे रस्ते आणि साखर कारखान्याचा हंगाम धरला तर ईट परिसरातल्या गाड्या त्याच कोष्टकात बसतात. इथे ऑइल, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तिन्हींची मुदत शहरातल्या गाडीपेक्षा आधी भरते, आणि पाणी सोडायचा स्क्रू असेल तर तो पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडावा.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या वेळी जुना फिल्टर मेकॅनिककडून मागून घ्यावा. त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवावं. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसेल, गाळ असेल तर तोही. तळ स्वच्छ दिसला तर पुस्तकातली नेहमीची मुदत खुशाल पाळावी. पाण्याचा थर दिसला तर आधी घरातला कॅन बदलावा.