स्वस्त शांततेचा महाग हिशेब : पॅलेस्टाइन, १९२१–१९२९

१/ फौज हटवून स्थानिक सशस्त्र दल उभारणे म्हणजे साम्राज्याने स्वराज्याच्या दिशेने टाकलेले पाऊल, असा समज आजही प्रचलित आहे. पॅलेस्टाइनचा इतिहास त्याला साफ खोटे ठरवतो.

२/ पहिल्या महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिती केली होती. मार्च १९२१ मध्ये वसाहतमंत्री चर्चिल यांनी कैरो येथे परिषद भरवली, ती मुख्यतः मध्यपूर्वेतील लष्करी खर्च छाटण्यासाठी. महागड्या पलटणींऐवजी विमानदल आणि सशस्त्र पोलीस, हा त्यावरचा तोडगा होता.

३/ मे १९२१ च्या जाफा दंगलीनंतर ज्यू, अरब व सर्केशियन जवानांचे सुमारे ५०० जणांचे दल स्थापन झाले. सरकारचा मात्र त्यावर पुरता भरवसा नव्हता. १९२२ मध्ये सातशेहून अधिक ब्रिटिशांचे दुसरे दल त्याच्या जोडीला आणण्यात आले.

४/ त्यांतील बहुतेक जण आयर्लंडमधील बरखास्त पोलीस दलातले, कुप्रसिद्ध ‘ब्लॅक अँड टॅन्स’मधलेही. आयर्लंडचे पोलीसप्रमुख जनरल ट्यूडर हेच आता पॅलेस्टाइनच्या सुरक्षेचे प्रमुख झाले. हा आयरिश साचा हिंदुस्थानला परका नाही; नेपियरने सिंधचे पोलीस त्याच नमुन्यावर उभारले होते.

५/ समर्थक म्हणतात, पुढची काही वर्षे शांततेची गेली. हे खरे आहे. पण राज्यकर्त्यांनी त्या शांततेचा अर्थ ‘आणखी कपात शक्य आहे’ एवढाच लावला. १९२६ मध्ये दोन्ही दले मोडीत निघाली.

६/ ऑगस्ट १९२९ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीचा वाद भडकला, तेव्हा देशभरात ब्रिटिश पोलीस तीनशेहून कमी होते आणि हेब्रॉनमध्ये ब्रिटिश अधिकारी एकच. तेथे साठहून अधिक ज्यूंची कत्तल झाली. एकूण १३३ ज्यू व ११६ अरब मारले गेले; अरबांपैकी अनेक जण पोलीस व सैन्याच्या गोळीबारात. अखेर इजिप्तहून फौज मागवावी लागली.

७/ दोष केवळ अपुऱ्या संख्येचा नव्हता. ज्या राज्याच्या स्वरूपावर प्रजेतील दोन समाजांचे एकमत नाही आणि ज्याच्या कारभारात प्रजेला निर्णायक अधिकार नाही, त्याचा कायदा स्थानिक शिपायाने कोणाच्या नावाने राबवायचा? त्याला गणवेश मिळाला, मताचे मोल मिळाले नाही.

८/ १९३६ मध्ये अरबांचे बंड पेटले आणि वाचवलेल्या पलटणी हजारोंच्या संख्येने परत आल्या. राजकीय प्रश्नावर पोलिसी उत्तर शोधणाऱ्यांनी खर्च टाळला नव्हता, पुढे ढकलला होता. त्याची किंमत लंडनच्या खजिन्याआधी हेब्रॉन आणि जाफाच्या रहिवाशांनी मोजली.