उंबरठ्यावरचे नाव

दिवाळी जवळ आली की घरोघरी पितळेची भांडी खाली उतरतात. समया, निरांजने, तांब्ये चिंचेने घासून लख्ख केल्याखेरीज सणाचा जीव भरत नाही. अशाच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, जर्मनीतल्या कित्येक गावी माणसे रस्त्यावर गुडघे टेकून पितळ घासताना दिसतात. ते भांडे नसते. फरसबंदीत बसवलेल्या दगडावरचा दहा सेंटिमीटरांचा चौकोनी पत्रा असतो, आणि त्यावर एका माणसाचे नाव असते. १९३८ साली त्याच रात्री तिथे ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडली, जाळली गेली. पुढच्या सात वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले.

हे दगड बसवण्याची कल्पना गुंटर डेमनिग या जर्मन शिल्पकाराची. पहिला दगड त्याने १९९२ साली कोलोनमध्ये बसवला. मे २०२३ मध्ये न्युरेंबर्गला लाखावा बसला. 'अडखळण्याचे दगड' असे त्यांचे नाव. मजकूर अगदी थोडा: येथे राहत होता अमुक, जन्म अमुक साली, अमुक साली धरून नेला, अमुक छावणीत मारला. ज्यूंबरोबरच जिप्सी, अपंग, राजकीय विरोधक अशांचीही नावे त्यांत आहेत. दगड बसतो तो त्या माणसाने आपखुशीने थाटलेल्या शेवटच्या घरासमोर. भाजी घेऊन येणारी बाई, शाळेला निघालेले पोर त्यावरून जाते, आणि वाचायचे तर मान खाली घालावी लागते.

हे मी आमच्या इगतपुरीत चार मंडळींत सांगितले, तेव्हा एक गृहस्थ कडाडले, "मास्तर, मेलेल्या माणसाचे नाव पायाखाली? विटंबना आहे ही!"

आक्षेप पोरकट नाही. म्युनिक शहराने तो मानला आणि २००४ साली सार्वजनिक रस्त्यावर असे दगड बसवण्यास नकार दिला. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख लहानपणी एका शेतकऱ्याच्या घरी लपून वाचलेल्या. मेलेल्यांना पुन्हा तुडवू नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यापुढे आपण काय बोलणार? पण म्युनिकने पुढे काय केले तेही पाहा. २०१८ पासून तिथे घरांच्या भिंतींवर आणि दारासमोरच्या खांबांवर नावे लागू लागली. वाद जागेचा होता. नाव दारापाशी हवे याबद्दल नव्हता.

आणि पायाखालचे म्हणाल, तर आपल्याला हे नवे थोडेच आहे? पंढरीच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे वारकरी मानतात. पाऊल कुठे पडते त्याने विटंबना ठरत नाही. पडणाऱ्या पावलाला भान आहे की नाही, याने ठरते. त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचे कुसू कोसळून मजूर गाडले गेले, आणि विठ्ठलनामाच्या नादावरून नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी ओळखल्या, अशी कथा आहे. ज्यांना ओळखणारा नामदेव भेटला नाही, त्या बाकीच्या मजुरांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

आता आपल्या दाराशी येऊ. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी मुंबईला गेलो होतो. हुतात्मा चौकात पोरांना उभे केले. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार सांगितला, संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेल्या १०६ जणांचा इतिहास सांगितला. हुतात्म्यांची यादी मी वहीत उतरवून नेली होती, ती वाचू लागलो. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल शेठ. के. जे. झेवियर. निपाणीच्या कमलाबाई मोहिते. पेजारकर म्हणजे अलिबागेकडच्या बेने इस्रायलींचे आडनाव! मराठी माणूस म्हणजे कोण, याचा याहून चांगला धडा माझ्या पाठ्यपुस्तकात नाही.

तेवढ्यात एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे राहत कुठं होते?"

मी गप्प झालो. माझ्या वहीतल्या यादीत काहींपुढे गाव होते. घर कोणाचेच नव्हते.

आपल्याला स्मारके बांधता येत नाहीत असे नाही. आपण चौक बांधतो, पुतळे उभारतो, पुतळ्यांच्या उंचीवरून भांडतोही. थोरांच्या घरांवर पाट्या लावतो. पण गोळी लागलेल्या कामगाराच्या, विद्यार्थ्याच्या, घरगृहस्थीच्या बाईच्या दाराशी चार ओळींचा पत्रा का नसावा? चौकातले स्मारक वर्षातून एक-दोन वेळा हार घालून घेते आणि हुतात्म्यांना घोळक्यात उभे करते. दारातले नाव रोज विचारते: हा माणूस या जिन्याने उतरला, तो परत आला नाही, तुला माहीत आहे का?

आणि आता उशीर करायला सवड नाही. गिरगाव, लालबाग, परळच्या ज्या चाळींनी तो लढा लढवला, त्या एकामागून एक पडताहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टोलेजंग इमारतींत घरे मिळाली. मिळोत बिचाऱ्यांना, दहा बाय बाराच्या खोलीचे गोडवे मी गाणार नाही. पण चाळ गेली की खोलीचा नंबर जातो, तो सांगणारी म्हातारी माणसे जातात, आणि नाव कायमचे बेघर होते.

तेव्हा पायाखाली नको तर भिंतीत लावा. पितळ परवडत नसेल तर शहाबादी फरशी चालेल. सरकारची वाटही पाहू नका. शाळांनी, गणेश मंडळांनी, चाळीच्या कमिट्यांनी घरे शोधावीत.

आमच्या थळ घाटातून १८६५ साली आगगाडी वर आली. त्यासाठी डोंगर फोडताना जे मजूर मेले, त्यांतल्या एकाचेही नाव मी आजवर कुठल्या दगडावर वाचलेले नाही. ती नावे आता शोधूनही सापडायची नाहीत. या १०६ जणांची मात्र आपल्या हातात आहेत. एवढी दारे सापडली, तर पुढच्या दिवाळीला त्या त्या घरच्या पोरीने रांगोळी घालताना तो पत्रा घासावा आणि एक पणती तिथे ठेवावी. तेवढ्यासाठी खाली वाकावे लागेल, इतकेच.